उंबऱ्यावरचा अस्तर

मास्तरांच्या दुकानात शिरायला कुणालाच कधी त्रास झाला नाही. उलट आत पाऊल टाकणाऱ्याचं स्वागत साठ किलो वजनाचं, फिकट तपकिरी रंगाचं, काळ्या तोंडाचं एक धूड शेपूट हलवून करायचं. गालांतून लाळेच्या दोऱ्या सोडत ते पाहुण्याच्या गुडघ्यावर डोकं टेकायचं. इतकं अगत्य आमच्याकडे सख्ख्या मेहुण्याचंही होत नाही. अडचण होती ती बाहेर पडण्याची.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं माणूस आता हयात नसावं. मास्तरही गिऱ्हाइकाला नावाने ओळखत नसत. ते धंद्याने ओळखत. दातांचे डॉक्टर म्हणजे 'दात', बँकेतला कारकून म्हणजे 'बँक', आणि मी ग्रंथपाल असल्यामुळे 'लायब्ररी'. "या लायब्ररी, बसा. पाचच मिनिटं." हे पाचच मिनिटं आम्ही बापजाद्यांपासून ऐकत आलो आहोत. माझ्या वडिलांची पँट मास्तरांच्या वडिलांनी अशीच पाच मिनिटांत देतो म्हणून ठेवून घेतली होती. ती त्यांना मिळाली तेव्हा त्यांचं पोट पुढे निघून गेलं होतं.

मात्र एक गोष्ट मास्तरांची कबूल करायला हवी. अपुरं काम त्यांनी कधी बांधलं नाही. एक बटण राहिलं असेल तरी कपडा हातात द्यायचे नाहीत. "मी पुडकं बांधलं म्हणजे काम संपलं, लायब्ररी. त्यात मग टाका काढायला जागा नाही." पूर्ण झालेला कपडा इस्त्री करून, घडी घालून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर सुतळी फुलीसारखी बांधायची आणि उरलेलं टोक मोठ्या कात्रीने कच्चकन कापायचं, हा त्यांचा विधी होता. त्या कच्च आवाजासाठी माणसं महिनामहिना वाट पाहायची.

आणि वहिनी. वहिनी आत, दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पडद्याजवळ, खिडकीच्या गजांतून येणाऱ्या उजेडात बसून काजं करायच्या. एकतीस वर्षं. मशीनवर काज होतं, पण मास्तर म्हणायचे, मशीनचं काज म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. वहिनींचं काज म्हणजे डोळ्याची पापणी होती. टाक्याला टाका लागून, कुठे दोरा दिसायचा नाही. मास्तरांच्या कोटांची सगळी इभ्रत त्या काजांवर उभी होती, हे गल्लीत सर्वांना माहीत होतं. मास्तरांनाही माहीत होतं. फक्त ते त्यांनी वहिनींना सांगितलं नव्हतं. सांगू म्हणून ठेवलं असेल, पाच मिनिटांत.

तर हे धूड. मास्तरांच्या लेकीने ते पिल्लू असताना घेतलं होतं. मग ती ज्या इमारतीत राहायला गेली तिथे कुत्री चालत नव्हती, म्हणून "पंधरा दिवस सांभाळा हो बाबा," म्हणून बापाकडे ठेवून गेली. त्या पंधरा दिवसांना त्या साली दोन वर्षं झाली होती. बाप काय आणि लेक काय, एकाच ठाणावरून कापलेले. कोटाच्या आत लावायच्या कापडासारखा त्याचा रंग, म्हणून मास्तरांनी नाव ठेवलं अस्तर. मास्तर आणि अस्तर, अशी पाटी लावा म्हणून दात डॉक्टरांनी सुचवलं होतं.

जात बुलमास्टिफ. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, तो राखणदार जातीचा आहे, पण घाबरू नका. घरच्यांवर जीव टाकतो, भुंकत नाही, चावत नाही. पूर्वी जंगलातले राखणदार हे कुत्रे पाळायचे, चोरून शिकार करणाऱ्यांना पकडायला. नुसतं आडवं पाडायचं, वर बसायचं आणि मालक येईपर्यंत धरून ठेवायचं. फाडायचं नाही. रक्तातच आहे ते त्याच्या."

रक्तात होतं ते खरं, पण रक्तातल्या गोष्टीला वळण लावणारा कुणीतरी लागतो. ते काम मास्तरांनी केलं. झालं असं, की पहिल्याच आठवड्यात बँक चिडून उठले. शर्टासाठी तिसरी खेप होती त्यांची. चपला पायात सरकवून म्हणाले, "मास्तर, आता मी दुसरीकडे जातो." तेवढ्यात अस्तर सहज म्हणून उठला आणि उंबऱ्यावर आडवा पडला. बँक थांबले. उंबरा लहान, अस्तर मोठा, आणि बँकेचे पाय आखूड. ते पुन्हा बाकावर बसले आणि तासाभरात शर्ट घेऊन गेले. मास्तर खूश. त्यांनी अस्तरला बिस्किट दिलं. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुसरं. असं महिनाभर. गिऱ्हाइकाने चपलेला पाय लावला की अस्तरने उंबऱ्यावर पडायचं, आणि मास्तरांची कात्री कच्चकन वाजून पुडकं त्याच्या हातात पडलं की उठायचं आणि बिस्किट खायचं. जगातल्या कुठल्याही शिंप्याला सुचलं नसतं असं शिक्षण होतं ते. इतरांच्या दुकानात गिऱ्हाईक पळून जायची भीती नसते, कारण ते कपडे वेळेवर देतात.

महिन्याभराने मास्तरांना स्वतःला बिडी आणायला जायचं होतं. चपला घातल्या. अस्तर उंबऱ्यावर.

"अरे, मी," मास्तर म्हणाले.

अस्तरने शेपूट आपटली. ओळख पटली होती. प्रेमही होतं. पण पुडकं कुठे होतं?

त्या जातीचा हा दुसरा गुण. एकदा डोक्यात नियम बसला की मालकासाठीही तो मोडायचा नाही. मास्तरांनी सगळे उपाय केले. साखळीने मशीनला बांधला, तर मशीनसकट उंबऱ्यावर आला. स्वयंपाकघरात कोंडला, तर पडद्यामागच्या दाराला पाठ लावून बसला आणि बिजागरी निखळली. बिस्किट दूर फेकलं, तर आणून उंबऱ्यावर बसून खाल्लं. रागावलं तर कपाळाला अशा सुरकुत्या पाडून बघायचा की रागावणाऱ्यालाच वाईट वाटावं. रिकामं पुडकं बांधून फसवायलाही पाहिलं. त्याने हुंगलं. आत इस्त्रीचा ऊबदार कपडा नव्हता. अस्तर जागचा हलला नाही. मास्तरांचा नियम मास्तरांपेक्षा तोच कडक पाळत होता.

घरातून बाहेर पडायला दार एकच, दुकानातून. मागे खिडकी, तिला गज. दोन खोल्या, एक बाक, भिंतीला अकरा खुंट्या, आणि उंबऱ्यावर साठ किलो. आम्ही गिऱ्हाइकं त्यात तासन्‌तास बसायचो. दातांच्या डॉक्टरांनी तर एकदा तिथूनच फोन करून कुणाला तरी सांगितलं होतं, "तोंड मिटा आणि उद्या या." पण आम्ही कधीतरी सुटायचो. वहिनींचं काय? तयार झालेलं पुडकं कुणाच्या घरी पोचवायचं असेल तेव्हाच त्यांना बाहेर पडता यायचं. आणि मास्तरांच्या दुकानात तयार पुडकं किती वेळा निघायचं, हे आता तुम्हाला सांगायला नको. भाजी दारावर, दूध दारावर, शेजारणीशी बोलणं अस्तरच्या पाठीवरून.

एकदा मी विचारलं, "वहिनी, कोंडल्यासारखं होत नाही?"

त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "भाऊजी, कुत्रा येऊन दोनच वर्षं झालीत." मग दोऱ्याला गाठ मारून म्हणाल्या, "त्याच्याआधी कुठे मी रोज फिरायला जात होते?"

मी खुंट्यांकडे बघायला लागलो. त्यांच्या समोरच्या शेवटच्या खुंटीवर, एका धुळकट कव्हरात, राखाडी-निळ्या कापडाचा एक कोट लटकत असायचा. वहिनींचाच. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी हौसेने कापला होता. एक बाही लावून झाली आणि मग घाईचं काम आलं. त्यानंतर घाईचं काम येतच राहिलं. मास्तर त्या कव्हराला न बघताच टाचण्या खोचायचे.

त्या वर्षी एका नाटक कंपनीचा मुक्काम जवळपास होता. त्यांच्यातल्या एक बाई, पोशाख सांभाळणाऱ्या, राजाचा कोट पाठीत उसवला म्हणून घेऊन आल्या. करारी बाई, केस बॉबकट, गळ्यात टेप. मास्तर म्हणाले पाच मिनिटं. बाईंनी घड्याळ बघितलं, बूट घातले, आणि अस्तर उंबऱ्यावर पडला. सकाळी दहा ते दुपारी एक, तीन तास बाई बाकावर. दुसरं बघायला काहीच नव्हतं, म्हणून त्या वहिनींचे हात बघत बसल्या. दुसऱ्या तासाला उठून जवळ गेल्या. तिसऱ्या तासाला चष्मा काढून, काजाला डोळा लावून बसल्या.

पुडकं हातात आलं तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "आमच्या कंपनीचा पोशाख शिवायचा मोठा कारखानाच आहे म्हणा ना, दोन तासांच्या वाटेवर. हाताने काजं करणारं माणूस मी वर्षभर शोधतेय. पुढच्या सोमवारी अकरा वाजता या, काम करून दाखवा. अजून एकजण येणार आहे. अकरानंतर मी कुणासाठी थांबत नाही." आणि मास्तरांकडे वळून, "तुमच्यासाठी थांबले तेवढं पुरे."

वहिनींनी मान हलवली. बाई गेल्यावर त्या काज करत राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "अहो, सोमवारी मी जाऊ ना?"

"बघू," मास्तर म्हणाले.

मास्तर वाईट माणूस नव्हे. आयुष्यात ते कुणाला 'नाही' म्हणालेले नाहीत. त्यांना ते जमतच नाही. म्हणून तर सगळी कामं अडकतात. वहिनी आजारी पडल्या तेव्हा याच माणसाने आठ दिवस उशाशी बसून काढले होते, पंचवीस गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत ठेवून. पण वहिनी गेल्या तर काजं कोण करणार, आणि दुपारी समोर कोण बसणार, हे दोन प्रश्न त्यांच्या पोटात एकदमच उठले असावेत, आणि त्यांतला मोठा कुठला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते मंगळवारीही बघू म्हणाले. शुक्रवारीही.

सोमवारी सकाळी सात वाजता मी दुकानात होतो. माझा तपकिरी कोट त्या दिवशी सातला 'शंभर टक्के' तयार असणार होता. वाचनालयात मला एक मानपत्र मिळायचं होतं, म्हणजे मीच लिहिलं होतं ते, पण कोट हवाच. वहिनी अंघोळ करून, केस विंचरून, हातात कापडी पिशवी घेऊन पडद्याजवळ उभ्या होत्या. पिशवीत सुयांची डबी, दोऱ्याची रिळं, बोटाला घालायची ती पत्र्याची टोपी. बस आठ दहाची. त्याच्या नंतरची साडेनऊची. ती पकडून उपयोग नव्हता.

वहिनींनी चपला घातल्या. अस्तर उठला, जांभई दिली आणि उंबऱ्यावर पसरला.

"अहो, काहीतरी बांधून द्या," वहिनी म्हणाल्या.

"देतो की. पण बांधायला झालेलं काही हवं ना," मास्तर म्हणाले. गळ्यातला टेप त्यांनी उगाच सारखा केला. मग खुंटीवरून माझा कोट काढला. "हा लायब्ररींचा झालाय. फक्त तीन काजं राहिलीत. तेवढी केलीस की लगेच बांधून तुझ्या हातात देतो, उंबऱ्याबाहेर लायब्ररींना दे आणि पुढे जा."

एक काज वीस मिनिटांचं. हे मला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, आणि वहिनींना तर बोटांत माहीत होतं. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मला बिनकाजाचा चालेल," मी घाईघाईने म्हणालो. "कोट उघडाच ठेवायची फॅशन आहे हल्ली."

"लायब्ररी," मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले, "अपुरं काम मी बांधत नाही."

हे मास्तरांचं अगदी खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. माणूस आपल्या खोटेपणाने कुणाला अडवतो तेव्हा भांडता येतं. मास्तर आपल्या एकुलत्या एक सद्गुणाने अडवून बसले होते. खोलीत कोंडल्यासारखं झालं. अस्तर घोरायला लागला. ती जात घोरते फार.

वहिनींनी पिशवी बाकावर ठेवली. त्या पडद्याआड गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातावर तो राखाडी-निळा कोट होता. तो त्यांनी मास्तरांच्या टेबलावर ठेवला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकांच्या बाकावर, माझ्या शेजारी, येऊन बसल्या.

मास्तरांनी शेवटच्या खुंटीकडे पाहिलं. कव्हर तिथेच लटकत होतं, रिकामं. कोट आत आहे की नाही हे बघणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

"हे कधी?"

"दुपारी. तुम्ही तोंडावर पेपर घेऊन झोपता तेव्हा. मशीन लावलं असतं तर जागे झाला असता, म्हणून सगळा हातानेच शिवला. मंगळवार ते रविवार. झालाय का बघा. मी आज गिऱ्हाईक आहे."

मास्तरांनी कोट उजेडात धरला. मला वाटतं त्यांना खोट सापडावी असंच वाटत होतं. खांद्याची शिवण बोटाने चाचपली. दुसरी बाही पहिलीशेजारी ठेवून बघितली. पहिली त्यांनी स्वतः लावलेली, अकरा वर्षांपूर्वीची. अस्तर उलटं करून पाहिलं, म्हणजे कापडाचं. कॉलर वळवली. चार काजं होती, चारही पापण्यांसारखी मिटलेली. ते प्रत्येकातून बटण घालून काढत होते. चौथ्याला त्यांचा हात थांबला.

"बाही माझ्यापेक्षा चांगली बसलीय," ते म्हणाले.

"तुमची बघून तर लावली."

"माझी जरा पुढे ओढते."

"ओढते," वहिनी म्हणाल्या. "मला माहीत होतं. बोलले नाही."

सात वाजून पंचेचाळीस मिनिटं. मास्तर कोटाकडे बघत उभे. मी घड्याळाकडे बघणं थांबवलं होतं. पूर्ण झालेला कपडा समोर होता. आता बांधायचा नाही म्हटलं तर तो मास्तरांचा नियम मोडल्यासारखं होतं, आणि नियम मोडला तर मग मास्तरांकडे राहत काय होतं?

त्यांनी इस्त्री लावली. कोटाला एक सुरकुती नव्हती, तरी त्यांनी पाठ, बाह्या, कॉलर, सगळं सावकाश फिरवलं. मी तोंड उघडणार होतो, पण वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या अस्तरकडे बघत होत्या. घडी पडली. वर्तमानपत्र. सुतळीची फुली. मास्तरांनी कात्री उचलली आणि क्षणभर तशीच धरली.

"पाच मिनिटं बसली असतीस तर चहा टाकला असता," ते म्हणाले.

"संध्याकाळी टाका."

कच्च.

अस्तरचे कान उभे राहिले. घोरणं थांबलं. मास्तरांनी पुडकं वहिनींच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी, जसं ते सगळ्यांना देतात. अस्तर उठला, पुडकं हुंगलं, आणि भिंतीला लागून बाजूला झाला. एवढा मोठा जीव, पण वाट सोडताना अगदी अंग चोरून सोडतो.

आठ वाजायला दोन मिनिटं कमी होती. वहिनी उंबरा ओलांडून गेल्या. कोपऱ्यावर त्यांनी पुडक्याची सुतळी दाताने तोडली, कोट काढून अंगात घातला, वर्तमानपत्र घडी करून पिशवीत टाकलं, आणि मग वहिनी धावल्या. मी त्यांना त्याआधी धावताना कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांनीही नसावं, कारण ते एकदम म्हणाले, "अगं, रस्ता बघून," आणि चपला पायात सरकवून दाराकडे निघाले. पिशवी धरायला, बस दाखवायला, किंवा नुसतंच.

अस्तर उंबऱ्यावर पडला.

"अरे, सोड," मास्तर म्हणाले.

अस्तरने त्यांच्या हाताकडे पाहिलं. रिकामा होता.

मास्तर उंबऱ्याशी उभे राहिले. मी बाकावर. बसचा हॉर्न ऐकू आला, मग ती वळल्याचा आवाज. वहिनी तिच्यात होत्या की नव्हत्या, हे आम्हाला दोघांनाही कळायला संध्याकाळ व्हावी लागणार होती. बऱ्याच वेळाने मास्तरांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या, पडद्याजवळ गेले आणि वहिनींच्या जागेवर, गजांच्या उजेडात, बसले. माझा कोट मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवायलाच त्यांना सात-आठ खेपा लागल्या.

"लायब्ररी," ते म्हणाले, "जरा वेळ लागेल."

पाच मिनिटं ते म्हणाले नाहीत. पहिलं काज पाऊण तासाने झालं. दुसरं जरा बरं आलं. तिसरं वाकडं गेलं, आणि ते त्यांनी उसवलं नाही. मानपत्राला मला उशीर झाला, पण त्यात उशिराचा उल्लेख नव्हता, त्यामुळे काही बिघडलं नाही.

वहिनी संध्याकाळी सहा वाजता आल्या. अस्तरने शेपूट हलवून त्यांना आत घेतलं. आत यायला त्याची कधीच ना नसते. मास्तरांनी चहा टाकला होता. दुपारपासून तीनदा टाकून ओतून दिला होता, असं दात डॉक्टर सांगतात. ते दुपारी शर्टाला आले होते आणि अडकले होते.

वहिनी नोकरी मिळवून आल्या होत्या. आता रोज सकाळी मास्तर त्यांचा तोच कोट इस्त्री करतात, घडी घालून पुडक्यात बांधतात आणि साडेसातला कात्री वाजवतात. एका मिनिटाचा उशीर नाही. गल्लीतले लोक त्या आवाजावर घड्याळ लावतात. वहिनी कोपऱ्यावर पुडकं सोडून कोट घालतात आणि जातात. मास्तर मात्र आतच असतात. त्यांचं पुडकं बांधून त्यांच्या हातात द्यायला घरात दिवसभर कुणी नसतं. परवा मी माझा तो तपकिरी कोट घालूनच गेलो होतो, तिसरं बटण लावायला मला दोन्ही हात लागतात. मास्तर वहिनींच्या जागेवर बसून काज करत होते. मी निघायला उठलो, अस्तर उठला.

"बसा लायब्ररी," मास्तर सुईवरून नजर न काढता म्हणाले. "सहाला ती येईल. आली की तिला सांगतो, आपल्या दोघांना काहीतरी बांधून दे म्हणून."